दुफण-तिफणीचा कागद

सिद्धेश्वर बिरादाराचा क्लॅरिनेट गेल्या पौषापासून खुंटीला होता. लातूरच्या डॉक्टरनं हर्नियाचं ऑपरेशन केलं, टाके काढले आणि निघताना सांगितलं, "बिरादार, आता फुंकायचं बंद. पोटाला जोर लागला तर परत माझ्याच दारात याल."

"चूल फुंकली तर चालंल का?" सिद्धेश्वरनं विचारलं.

"चूल फुंका," डॉक्टर म्हणाला.

बायको उमादेवी शेजारीच उभी होती. तिनं घरी आल्या आल्या फुंकणी त्याच्या हातात दिली.

छपन्न वर्षांचा गडी. उदगीरहून नळेगावकडं निघालं की फाट्यावर एक गाव लागतं, तिथला. जातीनं वाणी, घरची बारा एकर, मठाच्या भजनात बापाची पेटी. पण हा पंधराव्या वर्षी बिदरला पळाला आणि तिथल्या बँडात क्लॅरिनेट शिकून आला. वाण्याच्या लेकरानं पेटी वाजवावी, वरातीत घामानं भिजत घोड्यापुढं कशाला चालावं, म्हणून बाप चार महिने बोलला नाही. पाचव्या महिन्यात मठाच्या पालखीपुढं ह्यानं अशी काही चाल वाजवली की बापानं बोलायला सुरुवात केली, ती शिव्यांनीच, पण केली. तेव्हापासून पस्तीस वर्षं वीरभद्र ब्रास बँड म्हणजे सिद्धेश्वर, आणि सिद्धेश्वर म्हणजे वीरभद्र ब्रास बँड.

त्याची शिकवायची पद्धत एकच. तो तिला 'कानात ओतणं' म्हणायचा. समोर बसायचं, चाल वाजवायची, समोरच्यानं धरायची. चुकली की परत वाजवायची. कागद नाही, वही नाही. बिदरला पलटणीतून रिटायर झालेल्या एका वादकानं त्याला पाच ओळींचा इंग्रजी कागद वाचायला शिकवला होता, पण तो वाचणं म्हणजे मुंगीच्या चालीनं. त्याच्या माणसांना तर तेवढंही येत नव्हतं.

आता फुंकणंच बंद म्हटल्यावर ओतणार काय? जुन्या चालींवर बँड चालला होता, नवी एकही बसत नव्हती. सिद्धेश्वर वरातीत हात मागं बांधून नुसता चालायचा. नळेगावच्या एका लग्नात तर वधूपित्यानं त्याला पाहुणा समजून टोपी-टॉवेलाचा आहेर केला. तो टॉवेल घेऊन घरी आला तेव्हा उमादेवी हसली, पण त्याचं तोंड बघून टॉवेल आत ठेवून आली.

अशात फाल्गुनात मंजुश्री आली. थोरल्या भावाची लेक, नांदेडला संगीत शिकत होती. पाणी प्यायच्या आधीच म्हणाली, "काका, एका कामात अडकून राहिले."

"अडकून राहिले," सिद्धेश्वर उमादेवीकडं बघून म्हणाला. "नांदेडचं पाणी लागलं. चार वर्षांखाली 'अडकलाले' म्हणत होती."

"थट्टा नका करू. माझं वर्ष जालालंय," मंजुश्री म्हणाली, आणि बोली आपोआप जागेवर आली.

काम असं होतं. परीक्षेला स्वतः बांधलेली चाल तीन जणांकडून, बाहेरच्या परीक्षकासमोर वाजवून घ्यायची. तिच्या कॉलेजातल्या वाजवणाऱ्यांनी कागद बघितला आणि एकाला ताप आला, दुसऱ्याला मावशीचं लग्न आलं. परीक्षक अठरा दिवसांनी येणार. चाल वाजली नाही तर तिचा अर्ध्याहून जास्त निकाल कोरा, म्हणजे वर्ष गेलं.

सिद्धेश्वरनं कागद घेतला. चष्मा पुसला. पाच ओळींवर काळे ठिपके, आणि जवळजवळ निम्म्या ठिपक्यांच्या पुढं उभ्या-आडव्या चार काड्यांची एकेक चौकट.

"हे काय गं? हर दुसऱ्या सुराच्या म्होरं बाज टाकलीस. सूर काय आजारी हायत का?"

"तसं न्हाई काका. सूर बारा हायत, आन् ह्या पाच ओळींच्या कागदात जागा सातांनाच हाय. उरलेल्या पाचांना शेजाऱ्याच्या ओसरीवर बसवावं लागतंय. म्हणून ती खूण. म्हणजे ओसरीवर बसलेला घरचा न्हाई, पाहुणा हाय, हे कळावं."

"आन् एवढे पाहुणे?"

"माझ्या चालीत पाहुणा कुणीच न्हाई. बाराही सारखे. बाराही एकेकदा वाजल्याबिगर कुणाला दुसऱ्यांदा वाजायचं न्हाई, असा नियम हाय."

सिद्धेश्वरनं कागद डोळ्यांजवळ धरला. "मंग सा कोणता?"

"सा न्हाईच."

हे मात्र त्याच्या घशाखाली उतरायला वेळ लागला. सा नसलेलं गाणं म्हणजे पाटील नसलेलं गाव. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मठातली पंगत म्हण की. सगळ्यांच्या पत्रावळीवर एकदा पडल्याबिगर दुसऱ्यांदा वाढायचं न्हाई. मोठा न्हाई, धाकटा न्हाई."

"पंगतीत भात आधी का वरण आधी ते तरी ठरलेलं असतंय," उमादेवी चुलीपासून म्हणाली.

"ते मी ठरवले, काकू. बारा सुरांची एक ओळ बांधले. सगळी चाल त्याच ओळीतून निघती."

सिद्धेश्वरनं कागदाची घडी घातली. "वाजवतील. माझी माणसं वाजवतील. जिम्मा माझा."

"फुंकायचं बंद सांगितलंय," उमादेवी म्हणाली. "शब्द द्यायचं बंद सांगायला पाहिजे होतं डॉक्टरनं."

दुसऱ्या दिवशी तिघं अंगणात जमले. ट्रंपेटवाला दयानंद, उदगीरला शिलाई करणारा. पोटाशी धरायचा मोठा बाजा वाजवणारा अमरनाथ, मालमोटारी भरणारा. आणि क्लॅरिनेटवाला संगप्पा, जो लग्नसराईपुरता वादक आणि बाकी बारा महिने शेतकरी. संगप्पा वयानं सिद्धेश्वरच्या बरोबरीचा आणि तोंडानं दोन वर्षं मोठा. ट्रॅक्टरनं पेरायला तो अजून तयार नव्हता. 'ट्रॅक्टरला मूठ धरता येत न्हाई,' म्हणायचा.

सिद्धेश्वरनं आधी सारेगम लिहून बघितलं. कोमलाखाली रेघ, तीव्रावर रेघ. तिघांनी वाजवायला घेतलं आणि तिघांचेही कान सा शोधत भटकू लागले, चुकलेल्या वासरासारखे. चौथ्या सुराला तिघं तीन गावांना पोचलेले.

मग त्यानं बापाची पेटी बाहेर आणली. ती त्याला एका बोटानं चाचपडण्यापुरतीच येत होती, चाल ओतण्याइतकी नाही. पण तिच्या पट्ट्या सगळ्यांच्या ओळखीच्या. कोणत्या पट्टीला आपल्या बाज्यावर कोणतं बोट, हे तिघांना झोपेतही आलं असतं. म्हणून त्यानं पट्ट्यांची नावंच ओळीनं लिहिली. काळी एक, पांढरी सात, काळी तीन, पांढरी दोन.

दयानंद एक ओळ वाचून थांबला. "अप्पा, हे गाणं हाय का तलाठ्याचा उतारा?"

"सात पांढऱ्या, एकूण बारा," अमरनाथ म्हणाला. "सातबाराच झाला की."

हसले सगळे, पण वाजलं काही नाही. एकेक नाव वाचून बोट शोधेपर्यंत सुराचा जीव जायचा. पाच दिवस असेच गेले. मंजुश्री नांदेडला परत गेली होती, फोन करायची, आणि सिद्धेश्वर 'चाललंय, चाललंय' म्हणायचा. फोन ठेवला की टाक्यांच्या जागी हात दाबून बसायचा. दुखत नव्हतं. पण दोन मिनिटं क्लॅरिनेट तोंडाला लावला असता तर संगप्पाच्या कानात ती ओळ पडली असती, हे त्याला ठाऊक होतं. एकदा खुंटीकडं हात गेलाही. उमादेवीनं नुसतं बघितलं. हात खाली आला.

सहाव्या दिवशी संगप्पा वैतागला. क्लॅरिनेट मांडीवर ठेवून पेटीकडं बघत म्हणाला, "नावं कशाला लिहितो रं सिद्धू? ह्या काळ्या पट्ट्या बग की. ही दोनाची दुफण, ही तिनाची तिफण. परत दुफण, परत तिफण. आंधळ्याला बी हात लावून कळंल आपण कोणत्या तासात हाव ते."

तो टोमणा मारून पाणी प्यायला गेला. सिद्धेश्वर पेटीकडं बघत राहिला.

लहानपणापासून ह्या पट्ट्या बघितल्या होत्या. दोन काळ्या, मग तीन काळ्या. गोठ्याच्या आढ्याला बापाची पेरायची दुफण आणि तिफण अजून टांगलेली होती, दोन फणांची आणि तीन फणांची. त्यानं लग्नपत्रिकांचा गठ्ठा ओढला. बँडवाल्याच्या घरी पत्रिकांना तोटा नसतो, आणि त्यांची पाठ कोरी असते. एका पाठीवर त्यानं दोन रेघा ओढल्या, वर थोडी जागा सोडली, मग तीन रेघा ओढल्या.

"संगप्पा, इकडं ये. ह्या दोन रेघा म्हणजे दुफणीनं मातीत ओढलेले दोन तास. काळी एक, काळी दोन. ह्या तीन म्हणजे तिफणीचे. काळी तीन, चार, पाच. काळा सूर तासावर. पांढरा दोन तासांच्या मधी."

"आन् दुफण-तिफणीच्या मधी?"

"तिथं धुरा, दोन शेतांमधला बांध. धुऱ्यावर पांढरे दोन. एक खालच्या शेताला चिटकून, एक वरच्या शेताला चिटकून."

संगप्पानं बोटानं मोजलं. बारा भरले. कुणी ओसरीवर नाही, बाज कुठंच नाही. हरेकाची जागा हरेकाची.

"किती वेळ धरायचा ते?" दयानंदनं विचारलं.

"बी बघून. ज्वारीएवढा ठिपका एक मात्रा. हरभऱ्याएवढा दोन. हरभऱ्याला मोड काढला की चार."

अमरनाथनं मोठा बाजा उचलला. पत्रिकेची पाठ घागरीला टेकवून उभी केली आणि ठिपक्यांवर डोळे ठेवून, घसा खाकरल्यासारखे बारा सूर काढले. सावकाश, पण बाराच्या बारा. सिद्धेश्वरनं पेटीवर ताडून बघितले. एकही चुकला नव्हता. आणि ही ओळ त्याच्या कानात कुणी ओतली नव्हती.

सिद्धेश्वर उठून परसात गेला. तोंड धुतलं. परत आला तेव्हा उमादेवी म्हणाली, "साबण बी लावायचा हुता, एवढा वेळ लागला तर."

त्यानंतर काम पळालं. पत्रिकेच्या एका पाठीवर एक ओळ, अशा चाळीसेक पाठी झाल्या. 'तास सोडू नका, दाणा बघा, पुढं चला,' एवढंच सिद्धेश्वर सांगायचा. गल्लीतली म्हातारी पार्वतम्मा एकदा वाकून विचारून गेली, "सिद्धू, बाजे दुरुस्तीला आलेत का रं?" पण तिघं आता हसत नव्हते. चाल कानाला गोड लागत होती असं कुणी म्हणणार नाही. पण करडईच्या रानातून चालताना पाय सांभाळावा लागतो, तशी ती सांभाळून चालायला मजा येत होती.

अठराव्या दिवशी चौघं सकाळच्या एसटीनं मुखेडमार्गे नांदेडला पोचले. मंजुश्री कॉलेजच्या दारातच उभी होती, हातात एक मोठा कागद.

"काका, रागावू नका. शेवट तुटल्यासारखा वाटत हुता. संगप्पाकाकांची एकट्याची जी शेवटची ओळ हाय ना, तिच्याखाली आणखी एक ओळ घातले. तीच बारा सुरांची, पण सगळे हरभरे, सावकाश. परीक्षकांना दिलेल्या कागदात बी घातले." फोनवर समजून घेतलेल्या दुफण-तिफणीच्या रेघा तिनं स्वतः आखल्या होत्या, सुबक, दोन ओळी एकाखाली एक.

"ह्याच्या कानात ती गेलीच न्हाई," सिद्धेश्वर म्हणाला.

संगप्पानं कागद घेतला. वरची ओळ बघितली, खालची बघितली. "कानात कशाला पाहिजे? दिसलालंय की. तूच म्हणतूस न्हवं, कागदावर भरोसा ठेव म्हणून."

"एकदा वाजवून तरी बग."

तेवढ्यात शिपायानं नाव पुकारलं.

समोर दोघं बसले होते. एक मंजुश्रीच्या मॅडम, दुसरे बाहेरचे सर, पांढऱ्या मिशांचे, पुढ्यात पाच ओळींचा कागद. सिद्धेश्वर मागच्या बाकावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याची माणसं त्यानं कानात न ओतलेली चाल लोकांपुढं वाजवणार होती आणि तो ऐकणार होता.

अमरनाथनं सुरुवात केली. दयानंद शिरला. दोघं एकमेकांच्या तासातून पाय न अडकवता गेले. सिद्धेश्वरचे हात मांडीवर मात्रा मोजत होते. मधल्या भागात दयानंदची एक ज्वारी सांडली, पण पुढच्या दाण्यावर तो परत उभा राहिला. मग दोघं थांबले आणि एकटा संगप्पा उरला.

वरची ओळ त्यानं काळी एकपासून काढली आणि काळी चारवर आणली. स्वच्छ. आता खालची, परत काळी एकपासून, सावकाश.

काळी चारच वाजली.

सिद्धेश्वरला वाटलं, मागचाच सूर लांबला असेल. पण मध्ये श्वास घेतलेला ऐकू आला होता. म्हणजे काळी चार संपून परत काळी चारच वाजली होती, आणि आता ओळीतली तिच्या आधीची, मग तिच्याही आधीची. त्यानं संगप्पाकडं बघितलं. संगप्पाचे डोळे कागदावर उजवीकडून डावीकडं चालले होते. सावकाश, ठाम, बैलामागं चालल्यासारखे.

औत धुऱ्याला लागलं होतं आणि संगप्पा वळून शेजारच्या तासानं माघारी निघाला होता.

सिद्धेश्वरचा हात टाक्यांवर गेला. तास, फण, धुरा, सगळं त्यानंच शिकवलं होतं. ओळ संपली की मोकळ्या हातानं परत डावीकडं यायचं, हे मात्र सांगायचं राहिलं, कारण पत्रिकेच्या पाठीवर ओळ एकच असायची. मंजुश्री भिंतीला टेकून उभी होती. बाहेरच्या सरांनी कागदाचं मागचं पान उलटून बघितलं, परत पुढचं बघितलं. संगप्पा आपला एकेक हरभरा टाकत काळी एकवर आला, तिथं थांबला, क्लॅरिनेट खाली घेतला आणि कपाळ पुसलं.

सिद्धेश्वरच उठला. "साहेब, चूक माझी हाय. लेकराची न्हाई, ह्याची बी न्हाई. लेकराचं वर्ष जाऊ देऊ नका."

"बसा, बसा," सर म्हणाले. मग संगप्पाला विचारलं, "शेवटची ओळ तुम्ही उलटी वाजवली."

"उलटी?" संगप्पानं कागद बघितला. "उलटी न्हाई साहेब. तास संपला की वळून यायचं. औत काय मोकळंच माघारी आणायचं का?"

मॅडम खाली बघून हसल्या. सरांनी मिशीवरून हात फिरवला. "या पद्धतीत बारा सुरांची ओळ चार तऱ्हांनी वाजवतात. सरळ, उलटी, पालथी, आणि पालथी करून उलटी. उलटी वाजवणं म्हणजे चूक नव्हे. नियमही मोडला नाही, बारांची फेरी पुरी झाल्यावरच तो सूर परत आला. पण कागदात सरळ लिहिलंय, म्हणून विचारतोय. मंजुश्री, तुमचं म्हणणं काय?"

खोटं बोलायला वाव होता. सिद्धेश्वरला तो दिसला, आणि मंजुश्रीलाही दिसला असणार.

"सर, मी सरळच लिहिले होते," ती म्हणाली. "उलट्या ओळीचं पुस्तकात वाचले होते, पण वळायचं कुठं ते मला सुचलं नव्हतं. आता उलटीच ठेवते."

"ठेवा. सरळपेक्षा बरी आहे." त्यांनी काहीतरी लिहिलं आणि मॅडमकडं सरकवलं. मॅडमनी ते वाचलं आणि मंजुश्रीकडं बघून मान डोलावली. मंजुश्री भिंत सोडून सरळ उभी राहिली.

सर मात्र उठून संगप्पाच्या कागदाशी आले. "हा आखला कुणी?"

सिद्धेश्वरनं दुफण सांगितली, तिफण सांगितली, धुऱ्यावरचे दोन सांगितले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. "काळ्या पट्ट्यांवरून रेघा आखायचा खटाटोप परदेशात पुष्कळांनी केलाय. पेरणीवरून कुणी आखल्याचं मी तरी ऐकलं नाही. मला याची एक प्रत द्याल का?"

पुष्कळांनी केलंय म्हटल्यावर सिद्धेश्वरला वाईट वाटायला हवं होतं. उलट त्याला हलकं वाटलं. पहिली पत्रिका आखल्यापासून त्याला धास्ती होती की आपण येड्यासारखं काहीतरी करून बसलोय.

स्टँडवर चहा झाला. मंजुश्रीनं अर्धापुरी केळी आणली होती, अमरनाथनं चार संपवली. संगप्पा तो मोठा कागद परत परत उलगडून बघत होता. एसटी लागली तेव्हा म्हणाला, "सिद्धू, खरं सांग. चुकलो का न्हाई?"

"चुकलास."

"मंग पास कशी झाली?"

"तू सरळ चुकलास म्हणून. मधीच थांबून इकडं तिकडं बघितलं असतास तर आपलं नाव बी गेलं असतं आन् तिचं वर्ष बी."

संगप्पानं यावर मुखेडपर्यंत विचार केला आणि मग झोपला.

या चैत्रात वीरभद्र बँडानं चार नव्या चाली बसवल्या. सिद्धेश्वर आता वरातीत मोकळ्या हातानं चालत नाही, काखेत पत्रिकांच्या पाठींचा गठ्ठा असतो, आणि कुणी त्याला पाहुण्याचा आहेर करत नाही. कागदात एकच भर पडली आहे. हरेक ओळीच्या तोंडाशी तो एक बैल काढतो. बैलाचं तोंड उजवीकडं असलं की ओळ सरळ, डावीकडं असलं की माघारी. बैल त्याला नीट जमत नाही. उमादेवी म्हणते कुत्रं दिसतंय. पण संगप्पाला कळतं.